सॅलड मी आणतो म्हटलो आणि फसलो

गल्लीच्या ग्रुपवर डबा पार्टीला कुणी काय आणायचं त्याची यादी पडली तेव्हा मी भाकऱ्या थापत होतो. दोन्ही हात पिठात, त्यामुळं फोन उघडून नीट वाचेपर्यंत पुलाव गेला, एण्णेगाई म्हणजे भरली वांगी गेली, दहीभात गेला, दुधाचा गोड कुंदा तर काय बेळगावात कुणीही दुकानातनं उचलून आणतंय तो पहिल्या मिनिटातच गेला, कागदी प्लेटा आणि पाण्याचे कॅनसुद्धा कुणीतरी घेऊन टाकले. राहिलं काय तर सॅलड. मी म्हटलं बरंच झालं की, चार काकड्या चिरायच्या आणि डबा भरायचा, आणि पटकन टाईप केलं, "सॅलड मी आणतो."

(बाहेरगावच्या वाचकांनी गोंधळू नये. मी बाईच आहे. आमच्या बेळगावात बायकापण येतो, जातो, गेलो, आलो असंच बोलतात. माझ्या पुण्याच्या जावेनं दोन वर्षं मला सुधारायला बघितलं, आता तीच फोनवर "ठेवतो गे" म्हणते.)

तर आमच्या गल्लीची डबा पार्टी. पोरं पॉटलक म्हणतात, आमच्या आत्ती अंगतपंगत म्हणतात, म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्याकडं सासूला आत्तीच म्हणतात. नाताळाच्या सुट्टीत दरवर्षी एक दिवस टेम्पो ट्रॅव्हलर ठरवायची आणि कुठंतरी जायचं, यंदा असोग्याला, खानापूरजवळ मलप्रभेच्या काठाला देऊळ आहे ते. बावीस माणसं, त्यात सात पोरं, दोन डायबेटीसवाले काका, एक नवीन लग्न होऊन आलेली गोव्याची सून.

भाकऱ्या झाल्या, हात धुतले आणि मग आठवलं गेल्या वर्षीचं.

गेल्या वर्षी राजहंसगडावर गेलो होतो. तेव्हा यादीबिदी काय नव्हती, ज्याला जे सुचेल ते आणा म्हणून सांगितलेलं. सतरंजी टाकून डबे उघडले तर चार डब्यांत काकडीची कोशिंबीर. चार! आणि चारी डबे सारखेच दिसत होते, म्हणजे वर पांढरं पाणी, मध्ये तरंगणारी कोथिंबीर, तळाला शेंगांचं कूट बसलेलं. माझा डबा त्यातलाच एक होता. सकाळी सात वाजता दही, मीठ, साखर, कूट, फोडणी सगळं घालून झाकण लावलं होतं, आणि वर चढून, फोटो काढून, पोरांना शोधून जेवायला बसेपर्यंत एक वाजला. माझ्या लेकानं वाटीत घेऊन सगळ्यांच्या पुढं विचारलं, "मम्मी, हे ताक आहे काय?" दही पण आंबलं होतं ते वेगळंच. उरलेल्या कोशिंबिरीचं काय करायचं म्हणून परतीच्या वाटेवर चार बायका एकमेकींकडं बघत बसलो, घरी येऊन सगळी थालीपिठात गेली.

तेव्हा यंदा ठरवलं, डोकं वापरून सॅलड निवडायचं. आणि खरं सांगतो, जितका विचार केला तितकं लक्षात आलं की यादीत सगळ्यांत हलकं म्हणून जे काम आपण घेतो ना तेच सगळ्यांत वाकडं आहे. पुलाव गार झाला तरी पुलावच असतो. कोशिंबीर मात्र घरातनं निघताना एक असते आणि पोचल्यावर दुसरीच.

कारण तसं साधं आहे. काकडीत बहुतेक सगळं पाणीच. मीठ लागलं की ते पेशीतलं पाणी बाहेर ओढतं, मीठ किती घातलं आणि किती वेळ ठेवलं तेवढाच काय तो फरक. ताटात वाढायच्या आधी पाच मिनिटं घातलेलं मीठ चव देतं, पाच तास आधी घातलेलं मीठ पूर आणतं. टोमॅटोचं तेच, मुळ्याचं तर विचारूच नका, आणि मुळा डब्यात कोंडला की झाकण उघडल्यावर शेजारचा माणूस तुमच्याकडं बघतो ते वेगळंच. यावर उपाय म्हणजे काकडी चोचवून मीठ लावून वीस मिनिटं ठेवायची, घट्ट पिळायची, ते पाणी भाकरीच्या पिठात घालायचं, आणि मग पुढचं सगळं. चांगली होते तशी. पण पिळलेली काकडी कुरकुरीत राहत नाही, आणि काकडी कुरकुरीत नसेल तर ती खायची तरी कशाला असं माझं मत आहे.

शनिवारी गणपत गल्लीत गेलो. डिसेंबरचा बेळगावचा बाजार म्हणजे सॅलडवाल्यांनी नुसतं उभं राहून बघावा असा असतो. कडोली, कंग्राळीकडच्या बायका पाट्या घेऊन बसलेल्या, गाजरं मातीसकट, मेथीच्या कोवळ्या पेंड्या, कांद्याची पात, कोबी, बीट, ढबू मिरची, हरभऱ्याचे डहाळे. आपल्याकडची भाजी रोज गाड्या भरून गोव्याला जाते, चांगला माल पहाटेच निघून जातो म्हणून बाजारात कुरकुर करायची पद्धत आहे, पण जे उरतं तेपण काय कमी नाही. एका मावशींकडं राताळी होती, लाल सालीची, आपल्या पश्चिम भागातली. मी तिथंच थांबलो.

कारण राताळ्याला पाणी सुटत नाही! उकडायची, सोलायची, फोडी करायच्या, वर हिरवी मिरची, भाजलेलं जिरं, लिंबू, कोथिंबीर. दही घालायचं असलं तर तिथं जाऊन घालायचं. टिकायला उत्तम, पोट भरतं, आमच्या आत्तींच्या उपासालापण चालतं. दोन किलो घेणारच होतो, मग ते डायबेटीसवाले काका डोळ्यांपुढं आले. आणि पुलाव, दहीभात, भाकरी, कुंदा एवढं सगळं असताना अजून एक गोड पिठूळ वस्तू कशाला. जेवणात बाकीचं काय आहे ते बघून सॅलड ठरवायला पाहिजे हे मला त्या पाटीपुढं उभं राहून कळलं, वयाच्या त्रेचाळीसाव्या वर्षी. बाकी सगळं मऊ, तेलकट, गोड असेल तर आपलं आंबट, कुरकुरीत, तिखट पाहिजे. अर्धा किलो राताळी तरी घेतलीच, ती रात्री घरातच संपली.

घरी आलो तर लेक म्हणाली पास्ता सॅलड कर, मेयोनीज घालून, भारी लागतं. मी नको म्हटलं तर तोंड वाकडं. आता मेयोनीजवर माझा राग नाही, पण कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर तेलंगणानं 2024 च्या ऑक्टोबरअखेरीला वर्षभरासाठी बंदी घातली, तामिळनाडूनं 2025 च्या एप्रिलमध्ये घातली, उगाच नाही घातली. ती म्हणाली बाटलीतलं तर बिनअंड्याचं मिळतं की. बरोबर आहे, बाटलीतल्याला आंबटपणा असतो, ते स्वतः तसं लगेच खराब होत नाही. खरी भानगड त्यात मिसळलेल्या उकडलेल्या पास्त्याची आणि बटाट्याची. शिजवलेलं, ओलसर, आणि धड गरम नाही धड गार नाही अशा अवस्थेत गाडीत पडलेलं अन्न म्हणजे जंतूंची पण डबा पार्टीच. 5 डिग्रीच्या वर आणि 60 च्या खाली असं अन्न दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये म्हणतात, आणि उन्हाळ्यात बाहेर 32 च्या वर गेलं तर एकच तास. आपण सकाळी नऊला निघणार आणि एकला जेवणार. मी बोटांवर मोजून दाखवलं. ती म्हणाली, "मम्मी, तू पिकनिकला चाललीस का परीक्षेला?"

हाच हिशोब दह्यालापण लावला. दही आधीच आंबट असतं त्यामुळं ते घातक होत नाही पटकन, पण आंबतं, आणि काकडीबरोबर कोंडलं की पातळ होतं. दह्याचंच करायचं असलं तर एक युक्ती आहे, आणि ती नेमकी खानापूरचीच आहे. खानापूर मातीच्या भांड्यांसाठी पहिल्यापासून प्रसिद्ध, आत्तींकडं तिथनं आणलेलं एक गाडगं आहे. त्यात विरजलं की माती पाणी शोषते, ते बाहेरच्या बाजूनं उडून जाताना भांडं गारपण ठेवतं, आणि दही सुरीनं कापावं असं लागतं. ते गाडगं पिकनिकला न्यायचं का म्हणून विचारलं तर आत्तींनी माझ्याकडं असं बघितलं की मी विषयच बदलला. फुटलं असतं तर मला माहेरीच जावं लागलं असतं.

मग खालच्या मजल्यावरच्या अक्कांकडं गेलो. अक्का सौंदत्तीकडच्या, घरात कन्नड बोलतात, आमच्याशी मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम. त्यांचं रविवारचं जेवण मी खाल्लंय कितीदा तरी. जोंधळ्याची भाकरी, झुणका, आणि बाजूला एक ताट कच्च्या पाल्याचं. मेथी कच्ची, कांद्याची पात कच्ची, मुळा पाल्यासकट, काकडी, गाजर, थंडीत मिळाली तर हक्करकी म्हणून एक शेतातला पाला. काय चिरायचं नाही, काय कालवायचं नाही, घास घ्यायचा आणि पाल्याची काडी चावायची, मध्ये शेंगाची चटणी नाहीतर कारळ्याची चटणी तेल घालून. मला सुरुवातीला नवल वाटायचं, कच्ची मेथी कोण खातंय म्हणून. आता भाकरीबरोबर नसली तर चुकल्यासारखं होतं. तिकडच्यांना सॅलड खा म्हणून डॉक्टरनी सांगायची गरजच नाही बघा.

अक्कांना मी सगळी कर्मकथा सांगितली. त्या लसूण सोलत होत्या, न बघताच म्हणाल्या, "येळ्ळ अमावास्येला आम्ही काय नेतो शेतात?" त्यांच्याकडं त्या अमावास्येला अख्खं घर गाडी जुंपून शेतात जातं, आता ट्रॅक्टर. बाजरीची भाकरी, शेंगाची पोळी, कडबू, अंबाडीची पुंडी पल्ले, वांगी, सगळं घेऊन. आधी शेतात चरगा टाकायचा, म्हणजे त्या जेवणातलं थोडं पिकात चारी बाजूंना शिंपडायचं, मग बांधावर, झाडाखाली बसून खायचं, आणि शेजारच्या शेतातल्यांना, वाटेवरनं जाणाऱ्यालापण बोलवायचं. यापेक्षा जुनं पॉटलक कुठलं असणार. आणि या सगळ्या जेवणात पाणी सुटेल असं काही नाही. भाकऱ्या कडक, पोळ्या कोरड्या, चटण्या कोरड्या, पाला अख्खा. ज्यांनी ठरवलं त्यांना गाडी, ऊन, उशीर सगळं माहीत होतं.

"पण गल्लीत कच्ची मेथी कोण खाणार अक्का," मी म्हटलं. "पोरं तर पळून जातील."

"मग कोसंबरी कर. आणि उप्पु आमेले." मीठ नंतर.

कोसंबरी! आपली कोशिंबीर आणि त्यांची कोसंबरी, नाव ऐकायला बहिणी, पण स्वभावानं एकदम वेगळ्या. आपली दह्यात नाहीतर कुटात लडबडलेली. त्यांची कोरडी, भिजवलेली मुगाची डाळ, त्यात काकडी नाहीतर गाजर, ओलं खोबरं, लिंबू, वरनं मोहरी-हिंग-मिरचीची फोडणी. रामनवमीला पानकाबरोबर देतात ती. डाळ शिजवायची नाही, नुसती भिजवायची, आणि काकडीला थोडं पाणी सुटलं तरी डाळ मध्ये बसलेली असते ती थोडंफार पिऊन टाकते. डायबेटीसवाल्या काकांनापण चालेल. पोरंपण खातात, कारण दाताखाली कुरकुर होतं. मला एकदम हलकं वाटलं.

आता प्रमाण. बावीस माणसांना पोटभर करायला गेलात तर घरी परत आणावी लागते. डबा पार्टीत प्रत्येकजण सगळ्यातलं थोडं थोडं घेतंय, तर माणशी अर्धी वाटीचा हिशोब धरला, म्हणजे अकरा, त्यातनं न खाणारे वजा करून आठ-नऊ वाट्या. दोन वाट्या मूगडाळ घेतली, ती भिजून दुपटीच्या आसपास होते. सकाळी सहाला दीड तास भिजत टाकली, जास्त नाही, रात्रभर भिजवली की मऊ पडते आणि गाडीच्या उबेत वास पण यायला लागतो. नंतर चाळणीत निथळून सुती पंचावर पसरून कोरडी केली, ही पायरी कुणीही चुकवू नका, अर्धं यश इथंच आहे. गाजर तीन वाट्या किसून. काकडी दोनच, बिया काढून, बारीक चौकोनी, वेगळ्या डब्यात. डाळिंबाचे दाणे मूठभर, हे अक्कांना मान्य नव्हतं, मी तरीपण घातले. बीट मात्र नाही. बीट एकदा घातलं की सगळं गुलाबी, पोरांच्या शर्टासकट. खोबरं सकाळी खवून छोट्या डब्यात, त्याच्याबरोबर बर्फाची पिशवी, कारण ओलं खोबरं उन्हात सगळ्यांत आधी दगा देतं. कोथिंबीर न चिरता, ओल्या फडक्यात. लिंबं चार अख्खी. लिंबू आधी पिळलं तर कोथिंबिरीचा हिरवा रंग मेलेला दिसतो म्हणून. फोडणी करून पूर्ण गार करून जुन्या जॅमच्या बाटलीत. मीठ एका छोट्या डबीत. सगळं तिथं जाऊन एका परातीत कालवायचं.

नवऱ्यानं किचनच्या ओट्यावर मांडलेले सात डबे बघून विचारलं, "तू फक्त सॅलड नेणार होतीस ना?"

पिरनवाडी, देसूर करत गणेबैलच्या टोलनाक्यापर्यंत गाण्याच्या भेंड्या, पुढं खानापुरात चहा, पोचायला साडेदहा. नदीला पाणी बऱ्यापैकी, दगडांवर बसून पाय सोडायला मजा. देवळात जाऊन आलो, पोरं पाण्यातनं बाहेर येईनात, आणि एक वाजता, अगदी बरोबर एक वाजता, झाडाखाली सतरंज्या पडल्या. बाकीच्यांनी डबे उघडून ठेवले. मी परात काढली, डाळ ओतली, गाजर, काकडी, खोबरं, डाळिंब, कोथिंबीर हातानंच तोडून, लिंबं पिळली, बाटलीतली फोडणी वर टाकली. बायका जमा झाल्या बघायला. रंग काय सुंदर दिसत होता सांगू, पिवळा, केशरी, हिरवा, पांढरा. गोव्याच्या सुनेनं व्हिडिओ काढला. मी पिशवीत हात घातला मिठाच्या डबीसाठी.

डबी नव्हती.

पिशवी उलटी केली. दुसरी पिशवी उलटी केली. सात डबे, एक बाटली, चार लिंबांच्या साली, मीठ नाही. डाळ आणि गाजर, बिनमिठाचं, बावीस माणसांचं. अक्का माझ्याकडं बघून काहीच बोलल्या नाहीत, नुसत्या हसत होत्या पदर तोंडाला लावून. कुणाकडं जास्तीचं मीठ असेल तर द्या म्हणून विचारलं, तर प्रत्येकीनं घरातनंच सगळं मीठ घालून आणलेलं, मीठ कोण पिकनिकला वेगळं घेऊन येतंय.

मग आमच्या लेकानं डोकं चालवलं, तोच गेल्या वर्षीचा ताकवाला. वरच्या बाजूला एक आजी पेरू विकत बसल्या होत्या, त्यांच्याकडं गेला आणि तिखटमीठ घेऊन आला, वर्तमानपत्राच्या पुडीत. आजींनी पैसे घेतले नाहीत, चार पेरू मात्र घ्यायला लावले. ते तिखटमीठ परातीत टाकलं आणि पेरू पण चिरून टाकले, आता काय व्हायचं ते होऊ दे म्हणून.

आणि ती कोसंबरी, जिला आता कोसंबरी म्हणायला अक्का तयार नाहीत, पंधरा मिनिटांत संपली. पुलाव उरला. दोन्ही काकांनी दोन दोनदा घेतली. माझ्या लेकीनं, पास्तावालीनं, परात पुसून खाल्ली आणि वर म्हणते, थोडी तिखट होती. होतीच ती तिखट, आजींचा हात सढळ होता. पेरू मात्र मी यापुढं कायमचा घालणार, अर्धवट पिकलेला, कडक, त्याला पाणीपण सुटत नाही. चार डबे कोशिंबिरीवाल्यांपैकी एका वैनींनी यंदा कोबीची पचडी आणली होती, शेंगांचं कूट वेगळं बांधून, तीपण बऱ्यापैकी कोरडी राहिली, कोबीचं हे बरं असतं, तो काकडीएवढा लगेच रडत नाही.

संध्याकाळी घरी आलो तर मिठाची डबी फ्रीजवर. मी सकाळी विसरू नये म्हणून डोळ्यांसमोर ठेवली होती. आत्तींनी दुपारी त्यातलंच मीठ आमटीला वापरलं होतं आणि "बरं झालं गे भरून ठेवलीस" म्हणून सांगितलं.

नवऱ्यानं त्या डबीचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. फेब्रुवारीत हिडकल धरणाला जायचं ठरतंय, यादी काल पडली. यावेळी हात कोरडे होते, पण मी उघडेपर्यंत कुणीतरी माझं नाव आधीच टाकलेलं होतं, सॅलडच्या पुढं, आणि त्याच्या खालच्या ओळीत मिठाच्या पुढं अक्कांचं.